पाणी वाटणारा माणूस: टंचाई समाजात कोणती कामे निर्माण करते आणि ती कोणाच्या वाट्याला येतात?

पांझराकाठ

धुळे जिल्ह्यातील पांझरा आणि कान, तसेच नाशिक जिल्ह्यातील मोसम, आरम आणि गिरणा या नद्यांवर फड पद्धतीचे सिंचन निदान तीन-चारशे वर्षे चालत आले आहे, असे मानले जाते. नदीत बंधारा घालून पाणी पाटात वळवायचे, पाटातून चाऱ्यांत, चाऱ्यांतून सारंगांत आणि तेथून वावरात न्यायचे, अशी तिची रचना आहे. भिजणाऱ्या क्षेत्राचे तीन-चार फड पाडलेले असतात आणि एका फडात एका हंगामात एकच पीक घेतले जाते. खातेदाराची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असते, त्यामुळे पाणी कमी पडून एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर तोटा सर्वांनाच वाटून घ्यावा लागतो. या पद्धतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु ते बहुतांशी बंधाऱ्यांविषयी आणि पिकांच्या फेरपालटीविषयी आहे. मला येथे चर्चा हवी आहे ती माणसांविषयी.

फडावर तीन प्रकारची माणसे नेमलेली असत. पाटकरी वावरावावरांत पाणी फिरवी. कोणत्या चारीचे तोंड केव्हा उघडायचे आणि केव्हा बुजवायचे, हे त्याच्या हाती असे. जागल्या उभ्या पिकाची राखण करी, म्हणजे मोकाट गुरे, रानडुकरे आणि चोर यांना आवरी. हवालदार या दोघांवर देखरेख ठेवी, पाट साफ करण्याच्या दिवशी माणसे गोळा करी आणि तक्रारी पंचांपुढे नेई. मोबदला पूर्वी धान्याच्या रूपाने मिळे. खातेदाराने स्वतः चारीला हात लावायचा नाही, हा या व्यवस्थेचा नियम होता आणि मला सर्वांत महत्त्वाचा तोच वाटतो.

हा नियम का आला असावा, याचा विचार केला तर असे दिसते की, पाणी रात्रंदिवस वाहते आणि शेतकरी रात्रंदिवस बांधावर उभा राहू शकत नाही. वरच्या वावरातल्याने चारीचे तोंड तासभर अधिक उघडे ठेवले, तर खालच्याचे पीक वाळते, आणि ते वाळेपर्यंत दोष कोणाचा हे सिद्ध करता येत नाही. प्रत्येकाने प्रत्येकावर पहारा ठेवायचा म्हटले, तर पन्नास खातेदारांची पन्नास माणसे रात्रभर जागतील. त्यापेक्षा सर्वांनी मिळून एका माणसाला जागवणे स्वस्त पडते. शिवाय एका फडात एकच पीक असल्याने साऱ्या वावरांना जवळपास एकाच वेळी पाणी लागते, म्हणून एका पाटकऱ्याला ते काम झेपते. म्हणजे ही पदे कोणा राजाने सनद देऊन निर्माण केलेली नसून नदी, उतार आणि उन्हाळा यांनी ती गावाकडून निर्माण करवून घेतली, असे माझे मत आहे. अन्य प्रदेशांतही असे घडले असेल, तर जाणकारांनी लिहावे, आणि मत चुकत असेल तर तेही सांगावे.

अनघा लेहवाली

लडाखमध्ये आपल्या पाटकऱ्याचा जुळा भाऊ आहे. लेहमध्ये वर्षाला सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे जवाची सारी शेती हिमनद्यांच्या आणि बर्फाच्या वितळणाऱ्या पाण्यावर चालते. अडचण अशी की, पेरणीच्या काळात वर अजून थंडी असते, म्हणून ऐन गरजेच्या वेळी ओढ्याला पाणी कमी असते. रात्री येणारे पाणी झिंग नावाच्या छोट्या तळ्यात साठवतात आणि दिवसा पाळीने सोडतात. ही पाळी सांभाळणारा माणूस म्हणजे चुरपोन.

मला अधिक नवल वाटले ते याचे, की तेथे जागल्याही आहे. त्याला लोरापा म्हणतात. पिकात शिरलेली जनावरे धरून कोंडवाड्यात घालणे आणि मालकाकडून दंड वसूल करणे, हे त्याचे काम असते. खानदेश आणि लडाख यांचा एकमेकांशी कोणताही ऐतिहासिक संबंध नसताना पाणी वाटणारा आणि पीक राखणारा अशी जोडी दोन्हीकडे तयार व्हावी, हा पांझराकाठ यांच्या म्हणण्याला मोठाच आधार आहे.

एक भेद मात्र नोंदवायला हवा. चुरपोनाचे काम पुष्कळ गावांत घरटी पाळीने फिरते. यंदा एका घराकडे असेल तर पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जाते, त्यामुळे ते कोणा एका कुळाचा वारसा होत नाही.

माळरान

वाचतो आहे. एक शंका आहे. कोकणात पाण्याचा एवढा सुकाळ असूनही भातशेतीच्या चोंढ्यांतून पाणी एकाच्या वावरातून दुसऱ्याच्या वावरात जातेच की. मग तेथे पाटकरी का नाही?

कोरडवाहू

माळरान यांचा प्रश्न नेमका आहे आणि त्याचे उत्तर मूळ लेखातील विधानात थोडी दुरुस्ती मागते. पावसाळ्यात कोकणात पाणी घालवणे ही अडचण असते, मिळवणे ही नसते, म्हणून तेथे वाटणाऱ्याची गरज पडत नाही, हे तर झालेच. परंतु नुसत्या टंचाईनेही हे पद निर्माण होत नाही, असे मला वाटते.

पंजाब-हरियाणातील कालव्यांवरची वारबंदी पाहा. तेथेही पाणी गरजेपेक्षा कमीच असते. आठवड्याचे १६८ तास शेतकऱ्यांत जमिनीच्या प्रमाणात वाटलेले असतात आणि कोणाची पाळी मंगळवारी पहाटे किती वाजता सुरू होते, हे कागदावर ठरलेले असते. पाळी आली की शेतकरी स्वतःच नाका, म्हणजे आपल्या वावराकडचे चारीचे तोंड, फोडतो. तेथे वाटपाचे काम घड्याळ करते. त्याउलट पांझरेसारख्या नदीत मार्चमध्ये किती पाणी असेल, हे फेब्रुवारीत सांगता येत नाही. प्रवाह रोज घटतो, म्हणून तासांचे कोष्टक निरुपयोगी ठरते आणि आज कोणाचे पीक अधिक तहानलेले आहे, कोणाचे दोन दिवस थांबू शकेल, हे पाहून ठरवणारा माणूस लागतो. माझे म्हणणे असे की, टंचाईतून नियम जन्मतो आणि अनिश्चिततेतून माणूस नेमावा लागतो.

याला चांगला पुरावा उपलब्ध आहे. रॉबर्ट वेड या अभ्यासकाने आंध्र प्रदेशातील कुर्नूल जिल्ह्यात कालव्यावरील सुमारे तीस गावांचा अभ्यास केला आणि तो १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. राज्य एक, जिल्हा एक, कालव्याची सरकारी व्यवस्थाही एकच. तरीही काही गावांनी स्वतःचे पाणी वाटणारे आणि पीक राखणारे नेमले होते, गावाचा सामायिक निधी ठेवला होता आणि पंचांची बैठक नियमित भरत होती, तर काही गावांत यांपैकी काहीही नव्हते. फरक पाहता असे आढळले की, संघटित गावे मुख्यतः कालव्याच्या शेपटाकडची होती, जेथे पाणी पोहोचेल की नाही याची धास्ती कायम असे. वरच्या अंगाच्या गावांना पाणी भरवशाने मिळे, म्हणून त्यांना त्या खटाटोपाचे कारण नव्हते. एकाच संस्कृतीतील शेजारची गावे इतकी वेगळी वागतात, तेव्हा श्रेय परंपरेला देता येत नाही.

त्या गावांच्या निधीचा एक स्रोतही मजेशीर आहे. कापणीनंतर रानातील धसकटे चारण्याचा हक्क गाव बाहेरून येणाऱ्या मेंढपाळांना पैसे घेऊन देई. म्हणजे मेंढपाळांच्या पैशांतून गुरांपासून पीक राखणाऱ्याचा पगार निघे.

पांझराकाठ

कोरडवाहू यांची दुरुस्ती मला मान्य आहे. फडातही पाणी मुबलक असताना पाटकऱ्याचे काम हलके असे आणि ते आटत चालले की त्याच्या शब्दाला वजन येई. पाणी फारच घटले तर कोणता फड सोडून द्यायचा, हा निर्णय मात्र पाटकरी घेत नसे. तो पंचांचा असे. त्यामुळे रोजचा विवेक एकाकडे आणि हंगामाचा निर्णय सर्वांकडे, अशी विभागणी झालेली दिसते.

सुमेध

येथवरची चर्चा अभ्यासपूर्ण आहे, परंतु ती अर्ध्यावर थांबते आहे. काम कोणते असावे हे निसर्गाने ठरवले असे घटकाभर मानू. ते काम कोणी करावे हे कोणी ठरवले?

तमिळनाडूतील तळ्यांवर पाणी सोडणाऱ्या माणसाला नीरकट्टी म्हणतात. पुष्कळ गावांत हे काम पिढ्यानपिढ्या दलित कुटुंबांकडे आहे. तळ्याचे दार उघडायचे, पाणी शेवटच्या वावरापर्यंत न्यायचे, पुराच्या रात्री बांधावर जागायचे आणि सुगीला प्रत्येक खळ्यावर जाऊन आपला वाटा मागायचा. याचे समर्थन असे केले जाते की, ज्याला स्वतःचे वावर नाही तो पाणी वाटताना पक्षपात करणार नाही. युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. परंतु त्याचा अर्थ असा होतो की, त्या माणसाचा निःपक्षपातीपणा टिकवायचा तर त्याला भूमिहीनच ठेवावे लागते, आणि त्याच्या मुलालाही. लडाखने हाच प्रश्न पाळी फिरवून सोडवला, हे अनघा यांनी वर लिहिलेच आहे. नदी दोन्हीकडे सारखीच लहरी असताना उत्तरे दोन निघाली, तेव्हा त्या उत्तरांचा कर्ता निसर्ग असू शकत नाही.

आता फडावरच्या जागल्याकडे या. खानदेशात गावराखणीचे हे काम पुष्कळ ठिकाणी भिल्लांकडे असे. हवालदार आणि पंच मात्र जमीनदार कुळांतले. रात्री रानात कोणी जागायचे आणि दिवसा चावडीवर कोणी बसायचे, याचा निवाडा पर्जन्यमानाने केलेला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्पष्ट लिहिले की, जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. त्याआधी १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक आणले, कारण महार वतनाच्या नावाखाली साऱ्या कुटुंबाला अहोरात्र राबवून घेण्याची मुभा गावाला आणि सरकारला होती. ती वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले. 'विशेष भूमिका' हा शब्दप्रयोग ऐकायला गोंडस आहे. ती भूमिका सोडता येते की नाही, हा प्रश्न त्याच्यासोबत नेहमी विचारला गेला पाहिजे.

सह्यवेडा

सुमेध यांच्या मुद्द्याशी जोडून एका जुन्या वादाचा उल्लेख करतो. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी जातिव्यवस्थेकडे पर्यावरणाच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आणि त्यांची उदाहरणे महाराष्ट्रातली होती. सह्याद्रीच्या माथ्यावर गवळी धनगर म्हशी पाळून दूध-लोण्यावर जगत आणि खोऱ्यात कुणबी भात पिकवत. दोघांची साधने वेगळी, म्हणून दोघांत देवघेव होती आणि स्पर्धा कमी होती. त्याहून बोलके उदाहरण भटक्या शिकारी जमातींचे आहे. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांची शिकार करत; फासेपारधी फासे लावून काळवीट आणि तित्तर-लाव्यांसारखे पक्षी धरत; वैदू मुंगूस, रानमांजर असे लहान मांसभक्षी प्राणी सापळ्यात पकडत. एकाच माळावर तीन गट वावरत, पण त्यांच्या शिकारी फारशा एकमेकींवर येत नसत. एखादे साधन एकाच गटाच्या हाती राहिले तर तो गट ते जपून वापरतो, कारण उद्याही त्यालाच त्यावर जगायचे असते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

निरीक्षणे मोलाची आहेत, यात शंका नाही. निष्कर्षाविषयी मात्र मला नेहमी वाटत आले आहे की, व्यवस्था टिकली म्हणून ती सर्वांच्या हिताची होती, असे म्हणता येत नाही. याच जमातींपैकी पारध्यांसारख्यांवर इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याच्या चौकटीत जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो पुसण्यासाठी ३१ ऑगस्ट १९५२ यावा लागला, आणि पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची शिकार बेकायदा ठरली. म्हणजे कौशल्य उरले आणि ते वापरण्याची जागाच काढून घेतली गेली. ज्याची उपजीविका एकाच प्राण्यावर आणि एकाच फाशावर बेतलेली असते, त्याला परिस्थिती पालटली की वळायला वाट राहत नाही. विशेषीकरणाची ही किंमत त्या चित्रात पुरेशी दिसत नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

पांझराकाठ

सुमेध, आपला मुद्दा मी टाळणार नाही. मूळ लेखात मी 'गावाकडून' असे लिहिले, जणू गाव म्हणजे एकच मन असते. तरीही एक भाग मी सोडू इच्छित नाही. कामाचे स्वरूप, म्हणजे ते रात्रीचे असणे, फिरतीचे असणे, साऱ्या वावरांचे असणे आणि त्यात रोज निर्णय घ्यावा लागणे, हे सारे पाण्याच्या वागण्यातून आले आहे. नीरकट्टी, चुरपोन आणि पाटकरी यांच्या जाती, धर्म आणि भाषा वेगळ्या असूनही त्यांचा दिनक्रम इतका सारखा आहे, याचे दुसरे स्पष्टीकरण मला दिसत नाही.

मृण्मयी

या धाग्यावरचे सारे नेमलेले लोक पुरुष आहेत, हे कोणाच्या ध्यानात आले का? पाटाचे पाणी वाटणाऱ्याला नाव आहे, धान्य आहे आणि पंचांसमोर उभे राहण्याचा मान आहे. पिण्याचे पाणी वाहणाऱ्या बाईला यांपैकी काहीही नाही. ते काम विशेष नाही म्हणून असे नसून, ते घरात मोफत होते म्हणून असे आहे.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात देंगणमाळ नावाची वस्ती आहे. तेथील काही पुरुषांनी केवळ पाणी आणण्यासाठी दुसरे-तिसरे लग्न केल्याच्या बातम्या २०१५ च्या सुमारास देशोदेशीच्या वृत्तपत्रांत आल्या आणि 'पाणीवाली बाई' हा शब्द सर्वतोमुखी झाला. उन्हाळ्यात विहिरीवर जाऊन येण्यात तासन् तास जातात, पहिली बायको मुलांत आणि स्वयंपाकात अडकलेली असते, म्हणून आणखी एक बाई आणायची. टंचाईतून सामाजिक भूमिका कशी निर्माण होते, याचे याहून उघडे उदाहरण दुसरे मिळणार नाही. आणि त्या भूमिकेवर कोण आले? बहुधा विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या बायका, ज्यांना डोक्यावर छप्पर हवे होते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने असे लग्न अवैध ठरते, म्हणजे पत्नीचे हक्कही त्यांच्या हाती नीट लागत नाहीत. सुमेध यांनी नीरकट्टीविषयी जे लिहिले तेच येथे लागू पडते: ज्याच्यापाशी दुसरा पर्याय नाही, त्याच्याकडे काम जाते.

शेवटी, ज्याला आपण सर्वजण निसर्गाचा दाब म्हणत आहोत, त्याविषयी. शहापूर तालुक्यातच भातसा आणि तानसा ही धरणे आहेत आणि त्यांचे पाणी मुंबईला जाते. कोकणच्या या पट्ट्यात पाऊस भरपूर पडतो. ज्या तालुक्यातून महानगराची तहान भागते, त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ही टंचाई आभाळातून पडलेली नाही, ती जलवाहिनीतून गेलेली आहे. तेव्हा 'पर्यावरणाचा दबाव' असे लिहिताना तो दबाव कोणी कोणाकडे सरकवला, हेही पाहावे.

माळरान

मृण्मयी यांचा प्रतिसाद वाचून माझ्या मूळ शंकेचे स्वरूपच बदलले. कोकणात पाटकरी नाही, पण पाणीवाली बाई आहे; म्हणजे पाण्याच्या सुकाळाच्या प्रदेशातही उन्हाळ्याचे चार महिने एक वेगळाच समाज वसतो, असे म्हणावे लागेल.

फारसी दप्तर

अनिश्चितता आणि घड्याळ यांच्या चर्चेत इराणमधील एक नोंद भर घालू शकेल. तेथील कोरड्या पठारावर डोंगराच्या पायथ्यापासून भुयारे खोदून भूजल उतारावरून गावापर्यंत आणतात. त्यांना कनात म्हणतात. ही भुयारे खणणारे आणि उपसणारे मुकन्नी हा स्वतंत्र कसबी वर्ग आहे आणि याझद शहर त्यांच्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. कनातीचे पाणी जवळपास एकसारखे वाहते, नदीसारखे रोज घटत-वाढत नाही. म्हणून तेथे वाटप वेळेवर चालते आणि वेळ मोजायला एक माणूस बसवलेला असतो. मोठ्या भांड्यातील पाण्यावर बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगत सोडायची आणि ती भरून बुडाली की एक माप झाले असे मोजायचे. आपल्याकडे लग्नघटिकेसाठी वापरले जाणारे घटिकापात्र हे याच जातीचे यंत्र आहे. पाण्याच्या वाटपावर देखरेख करणाऱ्याला मीराब म्हणतात.

यावरून कोरडवाहू यांच्या विधानाला पुष्टी मिळते, पण पूर्ण नाही. प्रवाह स्थिर असूनही इराणमध्ये माणूस लागलाच, कारण प्रत्येकाच्या घरी घड्याळ नव्हते आणि पाण्याचा हिस्सा जमिनीपासून वेगळा विकला जाई, त्यामुळे हिशेब गुंतागुंतीचा होई. हरियाणात मनगटी घड्याळ आणि छापील पाळीपत्रक आल्यावर तो माणूस अनावश्यक होणे स्वाभाविक आहे. याचा अर्थ, निसर्ग आणि समाज यांच्या जोडीला हाताशी असलेले यंत्र हा तिसरा घटकही मोजावा लागेल.

कोरडवाहू

यंत्राचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि आपल्याकडे त्याने उलटे काम केले. विहिरीवर आधी ऑइल इंजिन आणि मग विजेची मोटर बसली, तेव्हा ज्याला परवडले तो फडाच्या पाळीतून मोकळा झाला. वर धरणे झाली, नदीचा उन्हाळी प्रवाह आटला, वाळू उपसली गेली, आणि ज्या प्रवाहावर पाटकऱ्याचे पद उभे होते तोच राहिला नाही. भूजलाची टंचाई नदीच्या टंचाईपेक्षा भीषण असली तरी तिच्यातून पाटकरी निर्माण होत नाही, कारण शेजाऱ्याच्या बोअरने माझे पाणी ओढले हे डोळ्यांना दिसत नाही. चारीचे तोंड बुजवता येते. जमिनीखालच्या झऱ्याला तोंडच नसते. जेथे चोरी दिसत नाही तेथे राखणदार नेमण्याचे कोणाला सुचत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने दरवर्षी पावसाचे माप घेऊन पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याची आणि त्यावरून पिके ठरवण्याची रीत घातली, शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, म्हणजे न दिसणारे पाणी आधी आकड्यांत दिसू लागले. तेवढे केल्यावर नियम पाळता येतात. अशी गावे थोडी आहेत, हे मात्र खरे.

सुमेध

सरकारी कालव्यावर पाटकऱ्याचे काय झाले, याविषयी कोणी अनुभवी व्यक्ती लिहील काय? १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्यानंतर तो गावाचा माणूस राहिला नाही, एवढे मला माहीत आहे.

दिंडोरीकर

आमचे वावर कालव्यावर आहे, म्हणून लिहितो. शेजपाळीच्या पद्धतीत शेतकऱ्याने हंगामाआधी सात नंबरचा अर्ज भरायचा, खात्याने मंजूर क्षेत्राची यादी करायची आणि आवर्तन सुटले की त्या क्रमाने पाणी द्यायचे, असा कागदोपत्री क्रम असतो. पाटकरी, मोजणीदार आणि कालवा निरीक्षक हे सारे खात्याचे नोकर. फडावरचा पाटकरी चुकला तर सुगीच्या धान्यातून त्याला ते भोगावे लागे. खात्याच्या नोकराचा पगार आमच्या पिकावर अवलंबून नव्हता, त्यामुळे शेपटाच्या शेतकऱ्याने त्याला जाब विचारण्याची सोय नव्हती. आमच्याकडे एका वर्षी यादीत नाव असूनही शेपटाला पाणी आलेच नाही आणि कार्यालयात गेल्यावर 'वरून कमी सुटले' एवढेच उत्तर मिळाले.

१९९० च्या सुमारास आमच्या दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणावर पाणी वापर संस्था स्थापन होऊ लागल्या. संस्थेने धरणाचे पाणी मोजून घ्यायचे, आत वाटप स्वतः करायचे, पाणीपट्टी स्वतः गोळा करायची आणि पाटकरी स्वतः नेमायचा. पुढे २००५ मध्ये राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापन करण्याचा कायदाच केला, आणि संस्थेच्या संचालक मंडळात कालव्याच्या शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांना समान प्रतिनिधित्व असावे, अशी तरतूद त्यात घातली. कोरडवाहू यांनी कुर्नूलच्या शेपटाकडच्या गावांविषयी जे लिहिले, ते वाचताना मला ही तरतूद आठवली. ज्याला पाणी न मिळण्याची धास्ती असते, तोच बैठकीला वेळेवर येतो.

पाटकऱ्याचे आजचे काम सांगायचे तर आवर्तन सुटण्याआधी तो फोनवरून सर्वांना कळवतो, रात्री बॅटरी घेऊन चारी फिरतो आणि तोंडे फोडणाऱ्यांची नावे सचिवाला देतो. भांडण झाले तर पहिला मार त्यालाच बसतो.

मृण्मयी

आणि हे काम कोण करते? सभासद शेतकरी की गावातील भूमिहीन?

दिंडोरीकर

बहुधा ज्याची जमीन थोडी आहे किंवा मुळीच नाही, असा तरुण. पगार बेताचा आणि तोही हंगामापुरता असल्याने बागायतदाराचा मुलगा या कामाला येत नाही. संस्थेचे सभासदत्व लाभक्षेत्रातील जमिनीवर मिळते, म्हणून भूमिहीन पाटकरी ज्या सभेत त्याचा पगार ठरतो त्या सभेत मत देऊ शकत नाही. सुमेध आणि आपण जे म्हणता, ते येथे अजून संपलेले नाही, हे मी मान्य करतो.

याला वेगळे उत्तर आपल्याच राज्यात दिले गेले होते. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून पाणी पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर, माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके, द्यायचे ठरवले आणि उसाला त्या पाण्यातून मनाई केली. पाण्याचा हक्क जमिनीपासून तोडल्यामुळे भूमिहीनालाही हिस्सा मिळू शकला. त्याने तो दुसऱ्याच्या वावरात वाट्याने लावून पीक घ्यायचे. तेथेही पाणी सोडणारा माणूस होताच, पण त्या पाण्यात त्याचा स्वतःचा हिस्सा असू शकत होता.